"आम्ही आमच्याच देशात आलो होतो"

पुण्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

बाईंचं माहेर मराठी, सासर सिंधी. घर स्वतःचं. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मुलगा परदेशी गेल्यापासून रिकाम्या आहेत. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी त्यांच्याकडे एक अफगाण जोडपं पाठवलं. दोघंही २०१९ साली शिकायला पुण्यात आले, इथेच लग्न केलं. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं आणि परतीची वाट बंद झाली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक कचेरीचं, म्हणजे यूएनएचसीआरचं, कार्ड त्यांच्याकडे आहे आणि कॅनडाला जायची खटपट चालू आहे. बाईंना खोल्या द्यायच्या आहेत. यजमान म्हणतात, "तुझं तू बघ." धाकटा भाऊ म्हणतो, "आपल्या पोरांना घरं मिळत नाहीत आणि तू घुसखोरांना ठेव." पण खरा विरोध सासूबाईंचा. त्या आता ८६ वर्षांच्या आहेत. नऊ वर्षांच्या असताना कराचीहून बोटीने मुंबईला उतरल्या आणि कल्याण कॅम्पच्या बराकीत वाढल्या.

बाई लिहितात: "जी स्वतः निर्वासित म्हणून आली, तीच आज दार लावून घे म्हणते. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाल्या, 'आम्ही परके नव्हतो. आम्ही आमच्याच देशात आलो होतो.' हा दुटप्पीपणा मला सहन होत नाही. आणि रात्री वाटतं, चुकतंय ते माझंच का? देशापेक्षा मला परक्यांचाच पुळका जास्त आहे का?"

पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे. जोडपं खोल्या बघून गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "पाणी कधी येतं ते सांगितलंस का त्यांना?"

*

ताई,

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पाण्याच्या ओळीशी थांबले. तिकडे नंतर येते. आधी 'दुटप्पी' या शब्दाचं बघू, कारण तुमचा सगळा राग त्यातच साठलाय.

ज्याने सोसलं त्याला दुसऱ्याचं सोसणं कळतं, असं तुम्ही धरून चालला आहात. कधी कधी कळतंही. पण सोसलेला माणूस बऱ्याचदा उलटाच हिशेब मांडतो. मला कुणी दिलं नाही, मी कण कण जोडून उभं केलं, मग यांना आयतं का? आपल्या घरांतून हे काय कमी पाहिलंय का आपण? सासुरवास भोगलेली प्रत्येक बाई मवाळ सासू होते असं काही नसतं.

शिवाय सासूबाईंचं वाक्य खोटं नाही. राज्यघटनेचं सहावं कलम काढून बघा. पाकिस्तानात गेलेल्या भागातून १९ जुलै १९४८ च्या आधी जे इकडे आले आणि इथेच राहिले, जे स्वतः किंवा ज्यांच्या आईवडील-आजीआजोबांपैकी कुणी अखंड हिंदुस्थानात जन्मलं होतं, ते घटनेनेच नागरिक ठरले. त्यानंतर आलेल्यांना नोंदणी करावी लागली. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि त्यानंतरच्या महिन्यांत बोटी भरभरून माणसं मुंबईला उतरली. तुमच्या सासूबाईंचं कुटुंब बहुधा त्याच गर्दीतलं. त्यांनी जी सीमा ओलांडली, ती वर्षभरापूर्वी अस्तित्वातच नव्हती.

आणि त्या पिढीला 'निर्वासित' या शब्दाचा मनस्वी तिटकारा होता. 'शरणार्थी'चाही. आम्ही कुणाला शरण आलेलो नाही, स्वतःच्या कष्टावर उभे राहिलोय, आम्हाला 'पुरुषार्थी' म्हणा, असं सिंधी आणि पंजाबी वस्त्यांमधून ठासून सांगितलं जायचं. कपाळावरचा तो शब्द पुसायला सासूबाईंनी अर्धं आयुष्य घातलं असेल, आणि तुम्ही भांडणाच्या भरात तो परत तिथेच नेऊन चिकटवलात. तुमचा हेतू वाईट नव्हता, हे मला दिसतंय. पण त्यांच्या कानाला तो शिवीसारखा लागला असणार.

आता हेही खरं की कायदा काही म्हणो, कल्याणच्या आसपासच्या लोकांना ही माणसं लगेच 'आपली' वाटली नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्कराच्या रिकाम्या छावण्या, एका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून राहिलेली कितीतरी बिऱ्हाडं, वेगळी भाषा, उजवीकडून डावीकडे लिहायची लिपी. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी उल्हासनगर असं नाव दिलं, तरी पत्ता सांगताना माणसं अजून 'कॅम्प नंबर चार' म्हणतात. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपल्यापैकी कुणी केला नाही? मी केलाय, आणि दात काढून हसलेही आहे. आपल्याच देशात येऊनसुद्धा आपलं म्हणवून घ्यायला दोन पिढ्या गेल्या. तुम्ही त्या घरी सून म्हणून जायचं ठरवलंत तेव्हा माहेरी काय काय बोललं गेलं, ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. मला कल्पना करता येते. तुमच्या या भावानेच तेव्हा काय म्हटलं होतं, एकदा आठवून बघा.

भाऊ 'घुसखोर' म्हणाला, त्याचं थोडक्यात उत्तर देते. चोरून सीमा ओलांडणारा घुसखोर. पोटासाठी गाव सोडणारा स्थलांतरित. धरणात जमीन गेली तो विस्थापित. कोयनेच्या धरणग्रस्तांना विचारा, देशातल्या देशात उठवलं जाणं म्हणजे काय असतं ते. निर्वासिताला मागे फिरायची सोय नसते. तुमचं हे जोडपं रीतसर व्हिसा घेऊन विमानाने आलं. ते इथे असताना त्यांच्या मागे त्यांचा देश पालटला. मुलीने तर परत जायचं म्हणजे काय? डिसेंबर २०२२ पासून तिथली विद्यापीठं बायकांना बंद आहेत. अफगाण निर्वासितांचा मोठा लोंढा गेला तो इराण आणि पाकिस्तानात. भारतात यूएनएचसीआरकडे नोंद असलेले अफगाण काही हजारांच्या घरात आहेत. तुमच्या पुतण्या-भाच्यांना पुण्यात घर मिळत नसेल, तर त्याची कारणं भावाने दुसरीकडे शोधावीत.

पण रात्री जो प्रश्न तुम्हाला झोपू देत नाही, तो भावाचा नाही, तुमचाच आहे. देशापेक्षा परक्यांचा पुळका जास्त आहे का? हा प्रश्नच चुकीच्या तराजूत घातलाय असं मला वाटतं, आणि ते सांगायला मला जरा कोल्हापूरकडे जावं लागेल.

कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचं गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत पोलंडची सुमारे पाच हजार माणसं राहिली, त्यात बायका आणि मुलंच जास्त. सोव्हिएत युनियनने त्यांना घरादारातून उचलून दूर हद्दपार केलं होतं. तिथून सुटून ती इराणमार्गे इकडे आली. त्यांची शाळा होती, चर्च होतं. आज कोल्हापुरात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे आणि तिकडे वॉर्सामध्ये कोल्हापूरचं स्मारक आहे. कोल्हापूरकर ही गोष्ट अभिमानाने सांगतात, सांगावीच.

मात्र या गोष्टीचा पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. पोलंडची माणसं गेली आणि त्याच बराकींमध्ये सिंधी कुटुंबं आली. तेच आजचं गांधीनगर, कापडाच्या घाऊक पेठेसाठी प्रसिद्ध असलेलं. छप्पर तेच, गाव तेच. तरी गहिवर आहे तो पहिल्या गोष्टीला. दुसरीचा विषय निघाला की भाव, दुकानं, धंदा यांच्याच गप्पा. असं का, याचा मी बराच विचार केला आणि मला एकच कारण दिसलं: पोलंडची माणसं निघून गेली. जाणाऱ्या पाहुण्याचं कौतुक करायला काही पडत नाही. जो राहतो तो शेजारी दुकान टाकतो, गिऱ्हाईक ओढतो, त्याची पोरं आपल्या पोरांच्या बाकावर बसतात. थंडीत फुटपाथवर स्वेटर विकायला बसणारे तिबेटी कुणाला खुपत नाहीत, कारण ते फेब्रुवारीत दिसेनासे होतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची सत्तरच्या दशकापासूनची वसाहत आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

म्हणजे आपल्या मनाचा कोतेपणा किंवा मोठेपणा बऱ्याचदा देशप्रेमावर ठरतच नाही. आलेल्या माणसाचा भार कुणाच्या अंगावर पडतो, यावर ठरतो. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना सरकारने चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात वसवलं. निर्णय वरून झाला आणि जंगल, पाणी, बाजार वाटून घ्यायची वेळ आली ती तिथल्या माणसांवर, जी आधीच गरीब होती. तिथलं कुणी कुरकुरलं, तर पुण्या-मुंबईत पंख्याखाली बसून त्याला संकुचित म्हणायचा हक्क मला नाही. पण तुमच्याबाबतीत? दोन रिकाम्या खोल्या, तुमचा जिना, तुमची टाकी. भार तुमच्यावर आणि तुमच्या घरच्यांवर. देश यात फारसा कुठे येतच नाही. म्हणून 'मी देशाशी बेईमान आहे का' हा प्रश्न सोडा आणि 'माझ्या घराला हे झेपेल का' हा विचारा. तो लहान आहे, पण त्याचं उत्तर मिळतं.

लहानपणीची एक आठवण सांगते. १९७१ च्या शेवटी शेवटी पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक तिकीट लावावं लागायचं, त्यावर 'शरणार्थी सहायता' असं छापलेलं असे. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं आली होती, त्यांच्यासाठी. वडील ते तिकीट जिभेला लावून चिकटवताना दर खेपेला कुरकुरायचे. आईने एकदा विचारलं, "पाच पैशांत काय एवढं?" तर म्हणाले, "देतोय ना? मग कुरकुर करायचा हक्क आहे मला." तुमच्या सासूबाईंचं पत्रातलं बोलणं वाचताना मला वडिलांचा तो चेहरा आठवला.

धर्माचा मुद्दा तुम्ही एका ओळीत उरकलात, "ते मुसलमान आहेत हेही आहेच." मग स्पष्टच बोलू. फाळणीत घर गेलेल्या बाईच्या मनात हे असणार, आणि तिला भाषण देऊन ते जाणार नाही. भाऊ तुम्हाला २०१९ चा नागरिकत्व सुधारणा कायदा ऐकवेल: अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि बांगलादेशातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांना त्यात सवलत आहे, मुसलमानांना नाही. त्या कायद्याबद्दल माझी मतं आहेत, तुमच्या भावाची असतील. पण तो कायदा नागरिकत्व कुणाला द्यायचं त्याबद्दल आहे. हे जोडपं नागरिकत्व मागत नाही, अकरा महिन्यांसाठी दोन खोल्या मागतंय. आणि घटनेचं एकविसावं कलम, जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क देणारं, फक्त नागरिकांपुरतं नाही. अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय.

आता कामाचं. अशाच पेचात असलेल्या इतरांनाही हे उपयोगी पडेल.

कागद आधी, माया नंतर. भारताने निर्वासितांबद्दलच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे यूएनएचसीआरचं कार्ड म्हणजे इथे राहायचा सरकारी परवाना नव्हे. त्यांचे पासपोर्ट, चालू व्हिसा किंवा राहण्याचा परवाना स्वतः बघा, प्रती घ्या, मुदती वहीत लिहून ठेवा. मुदत संपली असेल आणि वाढीचा अर्ज केलेला असेल, तर त्याची पोच मागा आणि पोलीस आयुक्तालयाच्या विदेशी नागरिक नोंदणी विभागात जाऊन विचारून या. परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांच्या आत घरमालकाने 'फॉर्म ३' (पूर्वीचा 'फॉर्म सी') ऑनलाइन भरायचा असतो. हे काम तुमचं आहे, भाडेकरूचं नाही, आणि बहुतेक घरमालकांना ते माहीतच नसतं. भाडेकरूची नेहमीची पोलीस नोंद आणि नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्सचा करार हे आलंच. "चांगली मुलं आहेत, कशाला कागद?" असं म्हणून दया दाखवू नका. उद्या काही चौकशी निघाली तर पहिला फटका त्या पोरांनाच बसेल. आणि कागद पुरे पडत नसतील, तर पटकन 'नाही' सांगा. घर शोधणाऱ्याला महिनाभर लटकत ठेवण्यापेक्षा ते बरं.

भाडं घ्या. गल्लीत जो दर असेल तोच, कमी नको, जास्त तर नकोच; अडलेल्याकडून चढं भाडं उकळणारे खूप असतात. बँकेतून देता येत नसेल तर सही करून पावती द्या. फुकट ठेवलंत तर चार महिन्यांत तुम्ही उपकारकर्त्या व्हाल आणि ते मिंधे. मग जिन्यात चपला कशा काढल्या यावरून सुद्धा मन दुखेल.

शेजारच्या दोन घरांना स्वतः जाऊन सांगा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मात्र एक शब्द टाकू नका.

यजमानांचं 'तुझं तू बघ' मला मुळीच पटलेलं नाही. आई त्यांची आहे. हे बोलणं त्यांनी करायला हवं, निदान तुमच्या शेजारी बसून तरी.

आणि सासूबाई. त्यांना पटवायला जाऊ नका. तुम्ही शिक्षिका होतात, त्यामुळे हे अवघड जाईल, तरीही. 'तुम्हाला कॅम्पमध्ये कुणी मदत केली होती ना?' हा प्रश्न नाही, सापळा आहे, आणि ८६ वर्षांच्या माणसाला सापळा लांबून दिसतो. आधी त्या शब्दाबद्दल माफी मागा, तेवढीच. तीत 'पण' घालू नका. मग काही दिवस जाऊ द्या आणि कधीतरी निवांत असताना साध्या वस्तूंबद्दल विचारा. बोटीवर चढताना हातात काय होतं? बराकीत दिवा कसला होता? रांग कशाची असायची?

मला वाटतं, रांग पाण्याची असायची. ज्या बाईने बालपण छावणीत काढलं, तिला नव्या जागी आलेल्या माणसाबद्दल पहिला प्रश्न पाण्याचा पडतो, यात मला नवल वाटत नाही. तुम्हाला तो प्रश्न उद्धटपणाचा वाटला, म्हणून तुम्ही तो तक्रारीच्या सुरात लिहिलात. मी तो असा वाचला: नको म्हणून झाल्यावरही त्यांच्या मनात ती दोघं वरच्या खोलीत बादली घेऊन उभी होती. माझं वाचन चुकीचंही असेल. तुम्ही त्यांच्यासोबत राहता, मी नाही.

इतकं करूनही त्यांनी नाहीच म्हटलं, तर खोल्या देऊ नका. ते घर त्यांचंही आहे, आणि एकदा घर गमावलेल्या माणसाला उतारवयात स्वतःच्या घरात परकं वाटायला लावू नये. त्या जोडप्यासाठी दुसरं करता येईल. निवृत्त शिक्षिकेच्या शब्दाला पुण्यात अजून थोडी किंमत आहे. तुमचे जुने विद्यार्थी आता घरमालक झाले असतील. त्यांच्यापैकी एखाद्याला फोन करा, कागद तुम्ही पाहिलेत हे सांगा, फॉर्म ३ कसा भरायचा ते समजावा.

आणि सासूबाई 'हो' म्हणाल्या, तर पाण्याची वेळ तुम्ही सांगू नका. मोटर कधी लावायची, टाकी किती वेळात भरते, कुठला नळ गळतो, हे त्यांनाच सांगू द्या. त्या सिंधी-हिंदीत सांगतील, मुलगी तिच्या दरी या अफगाण भाषेच्या वळणाच्या हिंदीत ऐकेल, मध्ये पडू नका. फॉर्म ३ भरताना मात्र नावं पासपोर्टवर आहेत तश्शीच घाला. एका अक्षराची चूक झाली तरी त्या मुलाला आयुक्तालयाच्या चार खेपा पडतील.